चपला मोजणारे आबा

अन्याय झाला तो एका चौसष्ट वर्षांच्या वायरमनवर. कधी झाला तेही सांगते, कारण वेळ न लिहिलेली तक्रार कचेरीत गोष्ट म्हणून वाचतात. गेल्या वर्षी, घटस्थापनेच्या आधीच्या शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी. जुन्या हायवेवर, कार्ल्याच्या अलीकडे, विजेवर चालणाऱ्या गाड्या दुरुस्त करणारं एक गॅरेज आहे. त्याच्या मालकाने खुर्चीतून उठायचेही कष्ट न घेता त्यांना सांगितलं, की उद्यापासून येऊ नका. त्यांच्या हातात तेव्हा चिक्कीचा पुडा होता. मालकानेच लोणावळ्याहून आणायला लावलेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला, खुंटीवरची पिशवी घेतली आणि मळवलीच्या दिशेने चालू लागले. भांडले नाहीत.

मी भांडते आहे. माझं आता कामच ते आहे. पत्रकं लिहिते, चौकात वाटते, लोकांना सह्या करायला लावते. पण हे पत्रक नाही. पत्रकात माणूस मावत नाही, आणि हा माणूस तर कशातच मावत नाही.

गॅरेजात आम्ही त्यांना आबा म्हणायचो. भाजे गावचे राहणारे, घरची थोडी भातखाचरं, तीस वर्षं एका कारखान्यात वायरमन. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून गॅरेजात आले. त्यांना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, यांचा डावा हात अधू असावा. तो कायम पँटच्या मागच्या खिशात. मीटर लावताना खिशात, पाना फिरवताना खिशात, चहा पितानासुद्धा खिशात. त्यासाठी त्यांनी शिंप्याकडून मागचा खिसा कोपरापर्यंत हात जाईल एवढा खोल करून घेतला होता. नव्या माणसाला ते एवढंच सांगत, "दोन हात लावलं की मधी छाती येती. एकच लाव. दुसरा घरी ठेव." वीज एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघाली तर वाटेत काळीज असतं, हे त्यांनी इतक्या कमी शब्दांत बसवलं होतं. आमच्या आयटीआयच्या पुस्तकात त्याला दीड पान लागलं होतं आणि तरी ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन झाले. बेडसे गावची मुलगी. घरातली पहिली, जिने हातात टेस्टर घेतला. नोकरी मागायला गेले तेव्हा मालक म्हणाला, आबांना विचार. आबांनी माझी गुणपत्रिका पाहिली नाही. माझ्या हातात सूप दिलं, त्यात किलोभर इंद्रायणी तांदूळ, आणि म्हणाले, निवड.

मी ताडकन उठले. मुलगी दिसली की तांदूळ द्यायचे, हे मला घरात पुरेसं झालं होतं. मी त्यांना सांगितलं की मी इथे वायरिंगचं काम मागायला आले आहे, स्वयंपाकाचं नाही. तेव्हा पलीकडे गाडीखालून एक माणूस सरपटत बाहेर आला, अंगावर ग्रीस, आणि हसत म्हणाला, "अगं ताई, निवड की. मी तीन दिवस निवडलेत." तो संतोष. कार्ल्याचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, गॅरेजातला सगळ्यात चांगला हात.

मी निवडले. आबांनी सूप उजेडाकडे धरलं, तर्जनीने एक खडा बाजूला केला आणि म्हणाले, उद्या ये. दुसऱ्या दिवशी दोन खडे निघाले. तिसऱ्या दिवशी एकही नाही, आणि मला नोकरी मिळाली.

तांदळाचं कारण पुढे कळलं. मोठ्या बॅटरीच्या गाडीत एक नारिंगी प्लग असतो. तो उपटला की बॅटरी बाकीच्या गाडीपासून तुटते. पण तुटली म्हणजे लगेच हात घालायचा नाही. गाडीच्या आत कॅपॅसिटर असतात, त्यांत वीज साठलेली राहते, ती मुरायला वेळ लागतो. दहा मिनिटं थांबायचं. जगातली सगळी पुस्तकं हे सांगतात आणि मावळातली निम्मी गॅरेजं ऐकत नाहीत, कारण नुसतं थांबणारा माणूस मालकाला रिकामा दिसतो. आबांनी त्यावर हा तोडगा काढला होता. प्लग उपटायचा, चावीचं गजराचं घड्याळ लावायचं, स्टुलावर बसायचं आणि घरून आणलेले तांदूळ निवडायचे. गजर वाजला की सूप खाली. मग मीटर. त्यांच्या बायकोला, आमच्या मावशींना, वर्षानुवर्षं निवडलेले तांदूळ आयते मिळत होते, आणि मावशी सगळ्या भावकीत सांगत फिरायच्या की माझा नवरा गॅरेजात काय करतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

मीटरशीही त्यांचं वागणं सरळ नव्हतं. आधी तो एका चांगल्या बॅटरीला लावून आकडा दाखवतो का बघायचे, मग गाडीला लावायचे, तिथे शून्य आलं तरी परत त्या चांगल्या बॅटरीला. मी विचारलं, एकदा तपासला ना, आता पुन्हा कशाला? म्हणाले, "शून्य दावनारा मीटर आन् मेलेला मीटर, दोगांचं तोंड सारकंच."

आणि बॅटरीविषयी बोलताना त्यांना म्हैस आठवायची. प्लग काढला तरी डब्याच्या आतली बॅटरी कधीच बंद होत नाही, हे नव्या माणसांना पटत नाही. बटण बंद म्हणजे सगळं बंद, अशी घरातल्या पंख्याची सवय. आबा म्हणायचे, "म्हस बसली म्हंजी मेली का? बसलीय. शिंगं जागच्या जागी हायत."

शनिवार-रविवारी घाट चढून मुंबईच्या गाड्या यायच्या. एकदा एक गृहस्थ आले, लोणावळ्यात रिसॉर्टवर लग्न, गाडी मध्येच बंद, अंगात शेरवानी. आबांनी प्लग उपटून तांदूळ काढले तेव्हा त्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने हिंदीत विचारलं, मग इंग्रजीत, मग मालकाला हाक मारली. आबांनी शांतपणे दुसरं सूप काढलं, त्यात दोन मुठी तांदूळ घातले आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. "बसा पाव्हनं. पांढरं खडं नीट दिसत न्हाईत, बोटानं बगा." तो माणूस इतका चक्रावला की खरोखर निवडायला लागला. शेरवानीत. गजर झाला तेव्हा आबा उठले आणि तो म्हणाला, दोन मिनिटं, एवढं संपवतो. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला, गाडी चांगली असताना, फक्त टायरची हवा बघायला, आणि स्टूल कुठे आहे ते विचारलं.

सकाळी पहिलं काम हातमोजे. रबराचे, जाड, कोपरापर्यंतचे. आबा मोज्याचं तोंड गुंडाळत न्यायचे, आतली हवा बोटांत कोंडायची, मोजा म्हशीच्या आचळासारखा फुगायचा, मग तो कानाशी धरून डोळे मिटायचे. सुईएवढं भोक असलं तरी त्यांना ऐकू यायचं. कधीकधी गालाला लावायचे. तसा एक मोजा त्यांनी मालकासमोर कात्रीने कापला होता, कारण भोक पडलेला मोजा फेकला तर कोणीतरी उचलून घालतो. मालकाला राग आला. मोजा नवा होता. आबा म्हणाले, "नवाच फाटतो की. जुना फाटून झालेला अस्तो."

एवढं सगळं वाचून तुम्हाला ते मोठे शहाणे वाटतील. नव्हते. हट्टी होते, आणि एका बाबतीत माझ्या मते साफ चुकत होते.

प्रश्न हा होता, की काम चालू असताना तो नारिंगी प्लग दुसऱ्याच कोणी परत बसवू नये. आधी ते प्लग पेटीत घालून कुलूप लावत. पण कुलपाला दोन चाव्या, आणि दुसरी काउंटरवर. काउंटर सांभाळायचा मालकाचा मेहुणा. त्याने एकदा गिऱ्हाइकाच्या घाईपायी पेटी उघडली होती. नशिबाने आत कोणी नव्हतं. तेव्हापासून आबांनी प्लग देवाच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. हळद, कुंकू, वर फूल. खंडेनवमीला पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी कोणी उचलत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. आबांनी रोजची खंडेनवमी केली. आणि खरं सांगायचं तर मेहुण्याने कुलूप उघडलं होतं, पण कुंकू लावलेल्या प्लगला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

मी भडकले. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव काढले. मी आबांना सगळ्यांसमोर विचारलं, की जीव वाचवायची पद्धत जर हळदकुंकवावर चालत असेल तर जे हळदकुंकू मानत नाहीत त्यांनी काय करायचं? मी उद्या तो प्लग उचलला तर मला काय अडवणार? भीती घालून नियम पाळायला लावणं हा नियम नव्हे, असंही म्हणाले. तेव्हा मी पत्रकं लिहीत नव्हते, पण बोलायचे पत्रकासारखीच.

आबा तांदूळ निवडायला बसले आणि गजर वाजून गेला तरी निवडत राहिले.  संतोष मला म्हणाला, दुखावलंस म्हाताऱ्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याआधी येऊन बसले होते. फळीवर प्लग नव्हता. मला म्हणाले, "तुमच्या घरी चपला कुटं काडत्यात?"

मी म्हणाले, दारात.

"आमच्यात बी दारातच. कुनाच्या घरात कितीजन हायत त्ये बाहीरनं कसं कळतं?"

"चपला मोजून."

"मंग झालं की," ते म्हणाले.

जमिनीवर पिवळा पट्टा मारला होता, त्याच्या आत गाडी. आत जाणाऱ्याने आपल्या चपला पट्ट्याबाहेर काढायच्या, गॅरेजचे रबरी बूट घालायचे आणि आत जायचं. प्लग त्या चपलांच्या शेजारी जमिनीवर, कुलूप नाही, पेटी नाही. पट्ट्याबाहेर एक जरी जोड दिसला तरी प्लगला हात नाही. प्लग बसवायच्या आधी मोठ्याने मोजायचं: एक जोड, दोन जोड, आणि शून्य असेल तर मोठ्याने शून्य. देव नको, चावी नको. ज्याची चप्पल त्याचाच पाय, यात शंकेला जागा नाही. माझी, संतोषची आणि आबांची चप्पल त्या पट्ट्याशी एका ओळीत असायची. दोन वर्षं असायची. कोणाची कोणत्या आळीतली हे त्या पट्ट्याला कळत नव्हतं.

अपघात त्या पद्धतीने झाला नाही. ती मोडल्यामुळे झाला. आणि ती कोणी मोडली ते सांगते.

त्या शुक्रवारी एका गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा साहेब गॅरेज बघायला येणार होता. त्याला पसंत पडलं तर त्या कंपनीचं अधिकृत गॅरेज अशी पाटी लागणार होती. मालकाने दोन दिवस आधीपासून फिनेल ओतलं. दुपारी दोनला आबांना सांगितलं, की साहेबाला द्यायला चिक्की आणा, लोणावळ्याच्या बाजारातली, त्या ठरावीक दुकानातलीच. आबांनी विचारलं की संतोषला पाठवू का, आत गाडी उघडी आहे. मालक म्हणाला, संतोष कामाचा आहे. म्हणजे आबा कामाचे नव्हते. खरं कारण आम्हाला सगळ्यांना कळत होतं. साहेबासमोर सूप घेऊन बसलेला म्हातारा त्याला नको होता.

आत एका रिसॉर्टची मिनीबस होती. मुळात डिझेलची, मागाहून कुणीतरी स्वस्तात बॅटरी घालून दिलेली. चांगल्या गाडीत वीज अडवायला चार खटके असतात; या बसमधले कोणीतरी काढून टाकले होते. हिच्यात प्लग बसवला की थेट वीज. आबांनी जाताना संतोषला दोनदा सांगितलं. मी जेवायला गेले होते. संतोषला एक नट ढिला वाटला, तो चपला काढून, बूट घालून बसखाली गेला.

आणि मेहुण्याने काउंटरवरून पाहिलं, की साहेब येईल त्या वाटेवर पट्ट्याशी एक चपलांचा जोड पडला आहे. अंगठा नायलॉनच्या दोरीने शिवलेला. पाहुणा यायच्या वेळी आपल्याकडे घरोघरी जे करतात तेच त्याने केलं. चपला उचलल्या आणि काउंटरमागच्या नव्या रॅकमध्ये ठेवून दिल्या.

मी तीन वाजता परत आले. साहेब दारात उभा होता. मेहुणा म्हणाला, ती बस चालू करून दाखव. मी पट्ट्याशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, शून्य.

प्लग मी बसवला.

वाकून पाहिलं नाही. हाक मारली नाही. हे माझं आहे, ते मी कचेरीत लिहून दिलं आहे आणि इथेही लिहिते. नियम पाळल्याच्या समाधानात मी वाकले नाही.

धडाका झाला. बसखालून निळा-पांढरा लोळ. मी प्लग उपटला. संतोषचा पाना दोन टोकांवर आडवा गेला होता. त्याची उजव्या हाताची दोन बोटं आणि गाल भाजला. डावा हात मागच्या खिशात होता. डॉक्टर म्हणाले, दुसरा हात दुसऱ्या टोकावर असता तर आमच्याकडे आणायची वेळच आली नसती. संतोषनेही आबांसारखा खिसा शिवून घेतला होता. आम्ही त्याची त्यावरून थट्टा करायचो.

आबा साडेपाचला आले तेव्हा संतोषला दवाखान्यात नेलं होतं. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. ते पट्ट्यापाशी गेले, खाली बघितलं आणि विचारलं, "चपला कुटं हायत त्याच्या?" मी शोधल्या. रॅकमध्ये, साहेबाच्या बुटांसाठी राखलेल्या खणाच्या खालच्या खणात. आबांनी त्या आणून पट्ट्याशी होत्या तिथे ठेवल्या. तेवढ्यात मालकाने आत बोलावलं.

पुढे चौकशी झाली. अहवालात लिहिलं आहे की पर्यवेक्षण करणारा वायरमन कामाच्या वेळी जागेवर नव्हता आणि त्याची कामाची पद्धत अशास्त्रीय होती. चपलांचा उल्लेख एका ओळीत, चेष्टेसारखा. मालकाने सांगितलं की चपला कामगारांनीच रॅकमध्ये ठेवल्या असतील, कॅमेरा त्या दिवशी बंद होता, आणि आबा आपल्या मर्जीने बाजारात गेले होते. आबांचा वायरमनचा परवाना त्या अहवालावर अडकला आहे. तालुक्याच्या आयटीआयने त्यांना आठवड्यातून दोन दिवस मुलांना शिकवायला बोलावलं आहे, पण परवाना मोकळा झाला तरच. म्हणजे एका माणसाने उचललेल्या एका जोडामुळे, जो माणूस दीडशे पोरांना हात खिशात ठेवायला शिकवेल त्याला वर्गात पाय ठेवता येत नाही. हे मी सहन करणार नाही.

मी नोकरी सोडली आणि पहिलं पत्रक लिहिलं. छापण्याआधी भाज्याला आबांना दाखवायला नेलं. ते गोठ्यात होते. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं, मग पेन मागितलं. मला वाटलं सही करतील. त्यांनी ‘नराधम’ खोडलं. पुढच्या ओळीतलं ‘खुनी’ खोडलं. ‘रक्तपिपासू’ दोनदा होतं, दोन्ही खोडली.

मी म्हणाले, आबा, संतोष मेला असता.

"व्हय. पर त्या मानसाला त्याला माराचं नव्हतं. त्याला दार सोच्छ दिसाया पायजे व्हतं. तू नराधम लिव्हलंस की समदी म्हनतील, आमी काय तसं न्हाई. मंग ती बी चपला उचलायला मोकळी."

मी वाद घातला. तासभर घातला. मावशींनी मध्ये दोनदा चहा दिला. शेवटी एक विशेषण मी ठेवलं, ‘बेपर्वा’, आणि आबांनी ते चालवून घेतलं. मला अजून वाटतं की आबा मालकाला फार स्वस्तात सोडतात. पण ते पत्रक कार्ल्यापासून कामशेतपर्यंतच्या गॅरेजांत भिंतीवर लागलं, आणि पुढे मी लिहिलेली नराधमवाली पत्रकं कोणी भिंतीवर लावली नाहीत.

आता दर रविवारी सकाळी भाज्याच्या त्या गोठ्यात गाड्या दुरुस्त करणारी माणसं येतात. गेल्या रविवारी मी बाहेर चपला मोजल्या, एकोणीस जोड. आत एक जुनी बॅटरी उघडून ठेवली आहे, पलीकडे म्हैस रवंथ करते आहे, आणि संतोष शिकवतो आहे. त्याची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. तो ती सगळ्यांना दाखवतो आणि सांगतो की ही न वाकणारी बोटं म्हणजे माझं सर्टिफिकेट. आबा मागे बसून मोजे फुगवतात. मधूनच म्हणतात, "संतोषराव, जरा दमानं, त्यांना लिव्हून घ्यू द्या." गोठ्यात शिकवायला परवाना लागत नाही म्हणून हे चाललं आहे. पण गोठ्यात एकोणीस मावतात. आयटीआयच्या वर्गात दर वर्षी नवी पोरं बसतात, आणि त्यांना हे कोणी सांगत नाही.

जुन्या हायवेवरच्या चार गॅरेजांत आता पिवळा पट्टा आहे आणि पट्ट्याशी चपला आहेत. आबांनी त्यात माझ्या चुकीसाठी एक भर घातली: शून्य म्हटल्यावर वाकायचं, गाडीखाली बघायचं, आणि तिथल्या माणसाला नावाने हाक मारायची. माणूस नसला तरी. आबांना विचारलं, नसलेल्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारू? म्हणाले, "माज्या."

अहवालावर आम्ही अपील केलं आहे आणि ते दाखल झालं आहे. पुढच्या महिन्यात सुनावणी. माझी साक्ष धरत नाहीत, मी प्लग बसवणारी. संतोषची धरत नाहीत, तो बसखाली होता. पण गॅरेजात काचेची एक खोली आहे, गिऱ्हाइकांनी बसायची. त्या दुपारी दोन ते तीन तिथे चारजण होते. एक लोणावळ्याच्या निवृत्त शिक्षिका, त्यांनी लिहून दिलं आहे की मेहुण्याला चपला उचलताना त्यांनी पाहिलं. एक रिसॉर्टचा ड्रायव्हर, त्याने नोकरी जायची भीती असतानाही लिहून दिलं. एक बाई, कडेवर मूल घेतलेली, पवनानगरची. तिने मालकाने आबांना चिक्की आणायला सांगितलेलं ऐकलं होतं, तिनेही दिलं. तिघांनाही मी घरी जाऊन भेटले आणि तिघांनीही मला चहा दिला. माणसं वाईट नाहीत, त्यांना विचारायला कोणी जात नाही.

चौथा माणूस सापडत नाही. निळ्या चौकटीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉप, खुर्ची काचेच्या दाराबाहेर ओढून बसलेला. मेहुणा चपला रॅककडे नेत होता तेव्हा या माणसाने त्याला वाट द्यायला पाय वर घेतले. शिक्षिकाबाईंना हे स्पष्ट आठवतं. म्हणजे इतर तिघांनी काचेतून पाहिलं किंवा कानांनी ऐकलं, आणि त्याच्या पायाशेजारून त्या चपला गेल्या. वकील म्हणतात, ही चौथी साक्ष आली तर अहवाल टिकत नाही.

तो माणूस तुम्ही असाल. पुण्यात असाल किंवा मुंबईत, गाडी नीट झाली असेल, तो दिवस तुम्ही विसरला असाल. आठवा. एका कागदावर लिहा की तुम्ही काय पाहिलंत, किती वाजता, आणि कोणाच्या हातात चपला होत्या. खाली सही करा आणि सुनावणीच्या आत तो कागद तालुक्याच्या चौकशीच्या कचेरीत द्या. तुम्ही तो नसाल, तर तुमच्या ओळखीत त्या दुपारी कार्ल्याच्या अलीकडे गाडी दुरुस्त करायला थांबलेलं कोण होतं ते आज विचारा, आणि त्याच्या हातात पेन द्या.